कोऱ्या खोलीचं उघडं दार

आमचे हे म्हणजे नेटकेपणाचा कळस. सायकल पंक्चर झाली तर दुसरा माणूस पंक्चर काढतो आणि कामाला लागतो. हे अख्खी सायकल सुटी करतात, एकेक भाग पुसून वर्तमानपत्रावर मांडतात आणि म्हणतात, "आता कळेल." काय कळेल ते देव जाणे. कॉलेजच्या संगणक विभागात सहायक म्हणून ह्यांची सगळी नोकरी झाली. बाकीचे लोक तयार प्रोग्राम आणून बसवायचे आणि घरी जायचे. ह्यांना तो मुळापासून, म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेल्या कोडापासून, आपल्या हातानं बांधून घ्यायचा असायचा. मी म्हणायचे, "अहो, दुकानात दळलेलं पीठ मिळतं. तुम्ही गहू पेरायला कुठे निघालात?" त्यावर हे हसायचे. माझ्या बोलण्यावर हे फार हसायचे.

ह्यांचं सगळं चालायचं लिनक्सवर, म्हणजे संगणक चालवणाऱ्या एका मूळ प्रोग्रामवर. जगभरची रिकामटेकडी माणसं, हा माझा शब्द, फुकटात जमून हे प्रकरण चालवतात. एकेक प्रोग्राम एकेका माणसानं सांभाळायचा आणि त्याचं नीट पॅकेज बांधून ठेवायचं, म्हणजे इतरांना ते एका कमांडसरशी बसवता येतं. सांभाळणारा सोडून गेला तर त्या पॅकेजला अनाथ म्हणतात, आणि दुसऱ्या कुणी घेतलं तर त्यानं ते दत्तक घेतलं असं म्हणतात. खोटं नाही सांगत, हेच शब्द आहेत त्यांचे. एके दिवशी हे जेवताना म्हणाले, "मी एक दत्तक घेतोय." माझा घास हातातच राहिला. "घरात विचारायची पद्धत असते हो," मी म्हटलं.

तो बोलणारा प्रोग्राम होता. आपण टाइप करायचं आणि त्यानं ते मोठ्यानं वाचायचं. ज्यांना दिसत नाही असे बरेच लोक तो वापरायचे. त्याला वाली उरला नव्हता, म्हणून नव्या लिनक्समधून तो काढून टाकला होता. ह्यांनी दत्तक घेतला तो मात्र त्या लोकांसाठी नव्हे. माझ्यासाठी घेतला.

मी बस स्थानकावर घोषणा करायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती उशिरा, कुणाचं पाकीट सापडलंय, कुणाचं पोर रडतंय, सगळं माझ्या तोंडून. माईक बंद पडला तरी काम अडायचं नाही, असा माझा आवाज. ड्रायव्हर म्हणायचे, बाई बोलल्या की इंजिन आपोआप सुरू होतं. मग घसा बसला. मी गरम पाणी पीत राहिले, गुळण्या करत राहिले, लोकांनी सांगितलं ते सगळं केलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि माझा हात धरून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही.

मी रडले. हे रडले नाहीत. ह्यांनी विचारलं, "ऑपरेशन कधी?" मला इतका राग आला! बायकोचा गळा कापणार आहेत आणि हा माणूस तारीख विचारतोय.

तारीख का विचारली ते घरी आल्यावर कळलं. संध्याकाळपर्यंत झोपायच्या खोलीच्या खिडक्यांवर गोधड्या टांगल्या होत्या, पंखा बंद, दाराच्या फटीत टॉवेल, आणि पलंगावर माईक. मी वाक्यं वाचायची, हे ध्वनिमुद्रण करणार आणि त्यातून माझा आवाज त्या बोलणाऱ्या प्रोग्रामला देणार. मग मी काहीही टाइप केलं तरी ते माझ्याच आवाजात निघणार. वाक्यं ह्यांनीच तयार केली होती. भाषेतला प्रत्येक ध्वनी दुसऱ्या प्रत्येक ध्वनीच्या शेजारी एकदा तरी यायला हवा, म्हणून ती असली भन्नाट होती की विचारू नका. "ठेंगण्या घुबडानं छत्री उघडून झोपेत ढेकर दिला." मी वाचता वाचता हसायला लागायचे. हे गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "हसू नको, पुन्हा घे." घामानं नुसती निथळायचे मी. घसा दुखायचा. "अहो, मरेन मी आज," म्हणायचे. हे पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "एवढं एकच." ते एकच कधी संपायचं नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत वाचलं मी. संसारात हे कधी इतके माझ्या तोंडाकडे बघत बसले नव्हते.

नंतरचं काय सांगू? गळ्याला भोक, श्वास तिथून. तोंड उघडलं तर नुसतं उघडंच. दवाखान्यातून गळ्याला टेकवायचं एक यंत्र दिलं होतं, त्यातून बोललं की जुन्या पंपासारखी घरघर यायची. मी ते कपाटात ठेवून दिलं. फोनवर टाइप करून दाखवायचे. पण भांडण टाइप करून होत नाही हो. मी शब्द शोधेपर्यंत समोरच्याचा पारा उतरलेला असतो.

आणि मग एका सकाळी ह्यांनी मला संगणकापुढे बसवलं. म्हणाले, "लिही काहीतरी." मी लिहिलं, "दात घासलेत का?" आणि संगणकातून मी बोलले. अगदी मी. शेवटच्या शब्दावर चढणारा माझा तो हेल, फलाटावर उभी राहून तावातावानं विचारल्यासारखा. थोडी अडखळत होते, पण मीच होते. मी तोंडावर पदर घेतला. हे म्हणाले, "नाही घासले," आणि मग पहिल्यांदा रडले.

त्यानंतर मी त्या संगणकापुढून उठेचना. लेकीला फोन लावायचे आणि संगणकाच्या स्पीकरजवळ धरायचे. पलीकडून ती म्हणायची, "आई, तू जेवलीस का?" आणि मी टाइप करून तिला झापायचे की आधी तू जेव. ती हसत हसत रडायची. पण तो संगणक म्हणजे टेबलावरचं जुनं धूड. त्याला उचलून बाजारात कसं नेणार? मी लिहिलं, "मला भाजीवाल्याशी भांडायचंय." हे म्हणाले, "भांडशील." त्यांनी एक छोटं, पर्समध्ये मावेल असं यंत्र आणलं. त्यात नवं लिनक्स होतं आणि नव्या लिनक्समध्ये तो बोलणारा प्रोग्राम नव्हता. तो मुळापासून बांधायचा होता.

बांधायला सोपं होतं म्हणे. नीट बांधायला अवघड होतं. ह्यांचं काम तपासणारा एक तरुण होता, दुसऱ्या देशात राहणारा पण मराठीच, स्क्रीनवर यायचा तेव्हा आधी दाढी दिसायची आणि मग माणूस. मी त्याला दाढीवाला म्हणायचे. तो ह्यांना काका म्हणायचा आणि तरी सोडायचा नाही. "काका, तुमच्या संगणकावर बांधलं गेलं याला काही अर्थ नाही. तुमच्या घरात वर्षानुवर्षांचं काय काय पडलंय. त्यातलं काय वापरलं गेलं ते तुम्हालाही कळणार नाही. कोऱ्या खोलीत बांधून दाखवा."

ही कोरी खोली म्हणजे काय, ते ह्यांनी मला पोळ्यांच्या डब्यावर बोटानं चित्र काढून समजावलं. एक साधन असतं. ते दर वेळी संगणकाच्या पोटात एक नवी खोली उभी करतं. त्यात आपल्या घरचं काहीच नसतं. पॅकेजला काय काय लागतं ते आधी सांगायचं. साधन तेवढंच बाहेरून आणून देतं, तिथं पॅकेज बांधतं आणि काम झालं की खोली पाडून टाकतं. तिथं बांधलं गेलं तर जगात कुठंही बांधलं जाईल.

मी टाइप केलं आणि माझ्या आवाजात संगणक म्हणाला, "म्हणजे सासरच की. माहेरचं काही आणायचं नाही, आणि आल्या दिवशी स्वयंपाक करून दाखवायचा."

हे इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

ते साधन बसवायलाच ह्यांच्या तोंडाला फेस आला. आज खोली उभीच राहीना. उद्या उभी राहिली तर तिला बाहेरून सामान आणता येईना. मग सामान आलं, तर पॅकेज म्हणे मला आणखी हे हवं आणि ते हवं. हे यादी वाढवायचे, पुन्हा खोली उभी करायचे, पुन्हा पाडायचे. माझ्या तब्येतीचं, औषधांचं, गळ्याच्या जखमेचं सगळं सांभाळून हे चालायचं. कधी वैतागले नाहीत. उलट दर वेळी नवीन काहीतरी कमी पडलं की खूश व्हायचे. "बघ, हे आपल्याला माहीतच नव्हतं," म्हणायचे.

एकच गोष्ट ह्यांनी स्वतःच्या स्वभावाविरुद्ध केली. बांधून झाल्यावर माझा आवाज त्यात नीट बसतो का, हे तिथल्या तिथं तपासायचं होतं. माझा आवाज म्हणजे भलामोठा फोल्डर. सगळी वाक्यं आणि त्यांच्यापासून तयार केलेलं सगळं त्यात. दर वेळी खोलीत त्याची नक्कल न्यायची तर जागा पुरेना. म्हणून ह्यांनी खोलीला एक दार ठेवलं, ते थेट त्या फोल्डरात उघडायचं. खोलीतून दिसायचा तो खराच फोल्डर, नक्कल नव्हे. दाढीवाला म्हणाला, "काका, घरचं आत नको." हे म्हणाले, "तेवढं एकच रे. काकूचा आवाज आहे." मग बिचाऱ्यानं तेवढं चालवून घेतलं. साधन शहाणं होतं. खोली पाडायच्या आधी ते स्वतःहून ते दार लावून घ्यायचं आणि मगच पाडायचं.

तो सुट्टीचा दिवस होता. मी ह्यांच्याच मागे खुर्चीवर बसून मटार सोलत होते. हे शीळ घालत होते, कारण पॅकेज जवळजवळ बांधलं गेलं होतं. आणि साधन मध्येच अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. हे म्हणाले, "अर्धवट पडलीय खोली. हातानंच पाडतो आणि नवी उभी करतो." कमांड दिली आणि चहा ठेवायला उठले. मलाही अर्धा कप विचारला. मी मान हलवली.

चहा घेऊन आले तरी पाडायचं काम चालूच होतं. हे म्हणाले, "एवढा वेळ?" आणि कप हातातच राहिला. मी ह्यांचा चेहरा बघितला. नोकरीवरून काढतात तेव्हा माणसाचा होत असेल तसा चेहरा. ह्यांनी कप खाली टाकला आणि धावत जाऊन भिंतीतली वायरच उपटली. स्क्रीन काळी झाली. मला वाटलं शॉक बसला.

साधनानं पाडली असती तर आधी दार लागलं असतं. हातानं पाडली तेव्हा दार उघडंच होतं. खोली पाडता पाडता कमांड त्या दारातून सरळ आमच्या घरात शिरली आणि समोर जे दिसलं ते पाडत गेली.

नक्कल होती हो. हे काय नक्कल न ठेवणारे आहेत? शेजारीच दुसरी डिस्क होती. पण तीही ह्यांनीच नेटकी लावलेली, मूळ फोल्डरात जे बदलेल ते तिथंही लगेच बदलावं, म्हणजे दोन्ही कायम सारखे राहतील. दोन्ही सारखे राहिले. दोन्हीकडे काही नव्हतं. नंतर गेलेलं परत काढून देणाऱ्या माणसाकडे डिस्का घेऊन गेले. त्यानं सांगितलं, नव्या जातीच्या डिस्का आहेत, पुसलेलं खरोखरच पुसून टाकतात. एक पूर्ण वाक्य निघालं नाही. घुबड गेलं, छत्री गेली, सगळं गेलं.

आवाज पुसला गेला हे त्याच दिवशी मला सांगताना हे माझ्या पायाशी बसले होते. सांगून झालं आणि मी मटाराची परात फेकून मारली. मग ओरडले. म्हणजे ओरडायला गेले. गळ्याच्या भोकातून नुसता वारा सुटला. तोंडातल्या तोंडात शिव्या दिल्या, टेबलावर हात आपटले, ह्यांच्या पाठीवर आपटले. घरात आवाज झाला तो तेवढाच, आपटण्याचा. ओरडायलासुद्धा आवाज लागतो, आणि माझा आवाज ह्या माणसानं घालवला होता. त्या दिवशी मला नवऱ्याचा मनापासून तिरस्कार वाटला. ह्यांनी अडवलंसुद्धा नाही. मटार वेचत राहिले, एकेक, पलंगाखालचेसुद्धा.

लोक म्हणतात, अहो, व्हिडिओ असतील की. आहेत. लेकीच्या लग्नात मी आहे, पण माझ्या आवाजावर बँड वाजतोय. लेकीच्या फोनमध्ये एक तुकडा सापडला. त्यात मी फोन नाकाजवळ धरून विचारतेय, "अगं, हे बंद कसं करायचं?" एवढंच. तिनं तो पाठवला. ह्यांनी एकदा ऐकला आणि उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. पुन्हा ऐकला नाही. तेवढ्यावर आवाज पुन्हा तयार होत नाही, हे त्यांनी मला न विचारता सांगितलं. पुन्हा वाचून घ्यायला माझ्याकडे गळा नव्हता.

ह्यांनी संगणकावर चादर टाकली आणि त्या खोलीत जाणं सोडलं. बोलणंही सोडलं. घरात आता दोघंही मुकी. शेवटी दाढीवाल्याचा फोन मलाच उचलावा लागला. मला बोलता येत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून एकटाच बोलत राहिला. म्हणाला, "काकू, दिसत नाही असे पुष्कळ लोक थांबलेत. काकांचं नाव घेऊन विचारतात." आणि रडायला लागला गाढव.

मी चादर काढली. ह्यांना हाताला धरून आणलं, खुर्चीत बसवलं आणि फोनवर लिहून दाखवलं, "हे पुरं करा. नाहीतर माझा आवाज फुकट गेला." ह्यांनी दोनदा वाचलं. मग चष्मा चढवला.

ह्या वेळी खोली खरोखर कोरी होती. दार ठेवलं नाही. मी मागे खुर्चीवर बसून असायचे. साधन खोली उभी करायचं, सामान आणायचं, बांधायचं, पाडायचं. कशाची घाई नव्हती. एका दुपारी पॅकेज विनातक्रार बांधलं गेलं. दाढीवाल्यानं ते स्वीकारलं, सगळ्या जगाला ते आता एका कमांडसरशी मिळतं. त्याबरोबर जो ठरलेला आवाज येतो तो कुणा परक्या बाईचा. गोड आहे, शांत आहे, कधीच चढत नाही. माझ्या छोट्या यंत्रात तीच बसली. लेकीला फोन केला आणि तिच्या तोंडून म्हणवलं, "मी बोलतेय." लेक म्हणाली, "कोण?"

मग सवय झाली. सवय होतेच, हेच वाईट. भाजीवाला तिच्याशी फार अदबीनं बोलतो, भाव पाडून देतो. मला मेलीला भांडायला मिळत नाही.

परवा मी स्वयंपाकघरात होते आणि ते यंत्र दिवाणखान्यात चुकून बोललं. हे गॅलरीतून आत आले आणि थेट यंत्राकडे गेले. "काय गं?" म्हणाले. मी इकडे ओट्यापाशी उभी. मला काहीतरी शंका आली. संध्याकाळी फोनवर लिहून ह्यांच्यापुढे धरलं. "मी लिहिलेलं वाचता, तेव्हा मनात आवाज कुणाचा येतो?"

हे कधी खोटं बोललेले नाहीत. तेव्हा बोलले असते तर काय बिघडलं असतं?

"आधी तुझाच यायचा," म्हणाले. मग यंत्राकडे बोट केलं. "आता हिचा येतो."

"कधीपासून?" मी लिहिलं.

"कळलं नाही मला. मी आठवून बघतो गं, रोज बघतो. तू काय बोलायचीस ते सगळं आठवतं. कसं बोलायचीस ते येत नाही." आणि हा माणूस ओंजळीत तोंड घालून लहान पोरासारखा रडायला लागला. खांदे गदगदत होते. माझ्या तोंडात लगेच आलं, असू दे हो, असू दे. ओठ हललेसुद्धा. पण ह्यांचे डोळे मिटलेले, ह्यांना कसं कळणार? मग मी ते यंत्र ओढलं आणि टाइप केलं.

"असू दे," ती बाई म्हणाली. शांतपणे, गोड.

त्या आवाजावर ह्यांचा श्वास हळूहळू खाली बसला. डोळे मिटूनच हे म्हणाले, "तू म्हणतेस ना, मग झालं." आणि त्यांनी हात पुढे केला, यंत्राच्या दिशेनं.